डोंगरावरच्या देवळाला चेअरलिफ्ट चालेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही उलटंसुलटं समजलो असेन तर लगेच कळेल. गाव दापोली तालुक्यातलं, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत. ग्रामदेवीचं देऊळ डोंगरावर, सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळाच्या, कडेला. चढ साधारण दीडशे मीटर, पाखाडीला साडेआठशे-नऊशे पायऱ्या. मुंबईकर मंडळातले काही जण उत्तराखंडात औलीला जाऊन आले, तिथली चेअरलिफ्ट, म्हणजे दोरावर लटकत फिरणाऱ्या उघड्या खुर्च्या, त्यांना आवडली आणि "आपल्याकडेही अशीच" असा विषय मंडळाच्या सभेत आला. त्यातही दोन तट पडले. एकांना दोन माणसांची साधी खुर्ची हवी, दुसऱ्यांना परदेशातल्या स्की रिसॉर्टवर असते तशी चार जणांची झपाट्याची. गावकीतली जुनी मंडळी म्हणतात, रायगडासारखा पाळणा, म्हणजे रोपवेची बंद केबिन करा, नाहीतर काहीच नको. यातलं चांगलं काय, असं तुम्ही विचारलंय.

माझी सगळी नोकरी रोपवेच्या उभारणीत आणि देखभालीत गेली. सुरुवातीची वर्षं उत्तरेत, बर्फातल्या खुर्च्यांवर, पुढची सह्याद्रीत आणि किनाऱ्यालगत. आता निवृत्त आहे, कुठल्या कंपनीशी देणंघेणं नाही. तुमचा डोंगर मी पाहिलेला नाही, त्यामुळे वारा आणि जमीन याबद्दल जे लिहीन ते जागेवर तपासूनच घ्यायचं. हिशोब मात्र कुठल्याही डोंगराला सारखाच लागतो.

मत आधी सांगून टाकतो. तुमच्या डोंगराला चेअरलिफ्ट नको, आणि झपाट्याची तर मुळीच नको. लहानसा आलटून-पालटून चालणारा पाळणा जमू शकेल, पण तो ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशांसाठी. जत्रेची गर्दी वाहून न्यायला म्हणून करायला गेलात तर कुठलंच यंत्र पुरणार नाही. आता कारणं.

चेअरलिफ्ट जन्माला आली ती स्की करणाऱ्यांसाठी. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सन व्हॅलीला १९३६ साली पहिली खुर्ची फिरली. युनियन पॅसिफिक रेल्वेचे इंजिनिअर जेम्स करन यांनी ती आखली. त्याआधी त्यांनी बोटीवर केळीचे घड चढवायची यंत्रणा पाहिली होती: फिरत्या दोराला आकडे आणि आकड्यांना घड. घडाच्या जागी त्यांनी खुर्ची लावली. म्हणजे बर्फातल्या या यंत्राचं मूळ केळीत आहे, हे आपल्या बागायतदारांना सांगायला हरकत नाही. पण लक्षात घ्यायचा भाग वेगळाच आहे. ही खुर्ची माणसासाठी थांबत नाही. ती मागून येते, तुम्ही उभे असता, ती गुडघ्यामागे लागते आणि तुम्ही बसता. पायात स्की असलेला माणूस वर पोहोचला की खुर्चीवरून घसरत पुढे निघून जातो, म्हणून तिथे हे जमतं. नऊवारी नेसलेल्या, हातात ओटीची पिशवी आणि नारळ घेतलेल्या आजींनी तेच करायचं म्हटलं तर ऑपरेटरचा हात सतत स्टॉपच्या बटणावर राहील.

पायी माणसांना खुर्ची चालतच नाही असं मी म्हणणार नाही. बिहारमध्ये राजगीरला विश्वशांती स्तूपाकडे जाणारी एकेरी खुर्च्यांची लिफ्ट १९६९ पासून आहे आणि लाखो भाविक तिच्यातून गेले. पण तिथेही अलीकडे शेजारी बंद केबिनचा नवा रोपवे उभा करावा लागला. लहान मुलं, म्हातारी माणसं, धड चालता न येणारी माणसं एकेरी उघड्या खुर्चीत कशी बसवायची? तुमच्या देवळाला लिफ्टची गरज नेमकी याच माणसांना आहे.

आता तुमच्या मंडळातल्या वादाकडे येतो. स्की रिसॉर्टवाले जगभर यावर भांडत असतात: जुनी सावकाश खुर्ची ठेवावी की नवी झपाट्याची बसवावी. फरक ग्रिपचा, म्हणजे खुर्ची दोराला धरून ठेवणाऱ्या पकडीचा. जुन्या पद्धतीत खुर्ची रोपाला, म्हणजे फिरत्या तारांच्या दोराला, कायमची पकडलेली असते, त्यामुळे चढता-उतरताना जो वेग तोच सगळ्या वाटेवर. स्की करणाऱ्यांसाठी तो सेकंदाला सव्वादोन ते अडीच मीटर असतो. नव्या पद्धतीत स्टेशनात शिरताना ग्रिप सुटते, खुर्ची वेगळ्या रुळावर सावकाश सरकते, माणसं बसली की पुन्हा रोप पकडते. मग रोप सेकंदाला पाच मीटरने पळवता येतो. चार जणांची अशी पहिली खुर्ची कोलोरॅडोत ब्रेकनरिजला १९८१ मध्ये लागली आणि नंतर सगळ्या मोठ्या रिसॉर्टना तिचं वेड लागलं.

लोकांना वाटतं वेग दुप्पट म्हणजे रांग निम्मी. तसं होत नाही. तासाला किती माणसं वर जातात हे दोनच गोष्टींवर ठरतं: एका खुर्चीत किती बसतात, आणि किती सेकंदांनी पुढची खुर्ची येते. चार जणांची खुर्ची दर सहा सेकंदांनी आली तर तासाला ६०० खुर्च्या, म्हणजे २४०० माणसं. रोप अडीच मीटरने चालो की पाचने, आकडा तोच. वेगवान लिफ्टमध्ये खुर्च्या दुप्पट अंतरावर लागतात, एवढंच. फायदा मिळतो तो प्रवासाच्या वेळात. दोन किलोमीटरच्या उतारावर सावकाश खुर्चीला चौदा मिनिटं लागतात, वेगवानला सात. उणे दहा तापमानात ती सात मिनिटं फार मोठी असतात, शिवाय दिवसात चार घसरण्या जास्त होतात. तिथे नव्या लिफ्टचा खर्च समजण्यासारखा आहे.

तुमची रेषा किती लांब असेल? दीडशे मीटरच्या चढाला पाचशे मीटर धरू. सावकाश खुर्ची साडेतीन मिनिटं, वेगवान दोन. दीड मिनिटासाठी तुम्ही दोन्ही स्टेशनांत खुर्च्या सरकवणाऱ्या टायरांच्या रांगा, ग्रिप नीट बसली की नाही हे बघणारे सेन्सर, खुर्च्या ठेवायची शेड आणि हे सगळं समजणारा तंत्रज्ञ विकत घेणार. तेही खाऱ्या हवेत. हा वाद इथेच मिटायला हवा.

राहिली साधी दोन माणसांची खुर्ची. पायी माणसांसाठी तिचा वेग स्कीच्या वेगाच्या साधारण निम्म्यावर आणावा लागतो. सेकंदाला एक मीटर वीस आणि दर बारा सेकंदांनी खुर्ची धरली तर तासाला ६०० माणसं, प्रवास सात मिनिटांचा. हे कागदावर. प्रत्यक्षात कुणी एकटा बसतो, कुणाची चप्पल पडते, कुणी ऐन वेळी मागे सरतो. तरी चारशे धरा. पाळण्याचं गणित वेगळं. रहाटासारखी एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. प्रवास अडीच मिनिटं आणि चढउतार अडीच मिनिटं धरली, एका खेपेला वीस माणसं, तर तासाला बारा खेपा, २४० माणसं. म्हणजे नुसत्या आकड्यांत खुर्ची पुढे आहे. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचं इतपत बरोबर.

पण आता डोंगराच्या वर जाऊन उभे राहा. स्की रिसॉर्टवर जास्त माणसं नेणारी नवी लिफ्ट लागली की खालची रांग वरच्या उतारावर सरकते. उतार तेवढाच, माणसं दुप्पट, मग टकरा वाढतात आणि लोक म्हणतात, जुनीच बरी होती. देवळात उतार नसतो, गाभारा असतो. गुरव एकेका माणसाला दहा सेकंद देतो असं धरलं तरी तासाला ३६० दर्शनं. म्हणजे चारशे आणणारी लिफ्टसुद्धा गाभाऱ्यापेक्षा वेगाने माणसं ओतते. २४०० वाली तर सोडूनच द्या. ती माणसं थांबणार कुठे? सभामंडपात, मग अंगणात, मग उघड्या सड्यावर. एप्रिल-मेच्या दुपारी सड्यावर सावली नाही, पाण्याचा टँकर वर जात नाही. म्हणून कुठल्याही लिफ्टच्या आधी मी विचारतो ते असं: वर एका वेळी किती माणसं बसू शकतात, पाणी किती, संडास किती. त्या आकड्यावरून खाली यायचं आणि यंत्र निवडायचं. कंपनीचा माणूस याच्या उलट दिशेने येतो, कारण त्याच्याकडे यंत्र आधीपासून तयार असतं.

जत्रेला दहा-बारा हजार लोक येतात असं तुम्ही लिहिलंय. पाळणा त्यांना पुरणार नाही हे उघड आहे. दहा हजारांना तासाला २४० म्हणजे चाळीस तास. त्या दिवशी पाळणा फक्त ज्येष्ठ, अपंग, गरोदर बाया आणि पूजेचं सामान यांच्यासाठी ठेवायचा, बाकीच्यांनी पाखाडीने चढायचं. मानकऱ्यांना आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना हा नियम आधीच पटवावा लागेल, आणि यंत्रापेक्षा ते अवघड काम आहे.

उतरण्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. स्कीवाला लिफ्टने वर जातो आणि घसरत खाली येतो. परतीच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या. त्यामुळे कित्येक चेअरलिफ्ट उतरत्या बाजूला पूर्ण भार घेण्यासाठी आखलेल्याच नसतात. देवळाला गेलेला प्रत्येक माणूस खालीही येतो, आणि आरतीनंतर सगळे एकदम येतात. भरलेल्या खुर्च्या खाली आणि रिकाम्या वर असं झालं की मोटरला ओढायचं नसतं, रोखून धरायचं असतं. त्यासाठी ड्राइव्ह आणि ब्रेक तसेच लागतात. कुणी "अमुक रिसॉर्टवरची उत्तम स्थितीतली जुनी लिफ्ट स्वस्तात मिळतेय" म्हणाला, तर पहिला प्रश्न हाच विचारा: उतरत्या बाजूला किती टक्के भार चालतो?

वारा आणि खार हे तुमच्याकडचे खरे मालक. वाऱ्याची मर्यादा लिफ्ट बनवणारी कंपनी ठरवते, पण साधारण ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या आसपास बहुतेक लिफ्ट बंद कराव्या लागतात, त्याआधी वेग कमी करावा लागतो. आडव्या वाऱ्यात उघडी खुर्ची बंद केबिनपेक्षा कमी झुलते, कारण तिला अंगच कमी असतं. पण वर बसलेल्या माणसाला तो वारा आणि पाऊस थेट लागतो. जून ते सप्टेंबर उघड्या खुर्चीचा उपयोग शून्य धरा. पाळणा पावसाच्या उघडिपीत चालू शकतो, विजा कडाडत असतील तर तोही बंद. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ तुमच्या तालुक्याने अनुभवलंय, मी वेगळं सांगायला नको. अशी सूचना आली की पाळणे स्टेशनात घेऊन जखडून ठेवता येतात. कायमच्या ग्रिपच्या साठ-सत्तर खुर्च्या मात्र रोपावरच लटकत राहतात. इथे झपाट्याच्या लिफ्टचा एक गुण मान्य करायला हवा: तिच्या खुर्च्या रोज रात्री शेडमध्ये घेता येतात.

माझा सल्ला: निर्णय लांबला तरी चालेल, पण वरच्या आणि खालच्या जागेवर वारा मोजायचं यंत्र निदान एक वर्ष लावा. खर्च किरकोळ आहे. वर्षाची नोंद हातात असली की "वर्षात किती दिवस बंद राहील" याचं उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकाऐवजी तुमच्या वहीतून मिळतं.

खाऱ्या हवेचं काम हळू चालतं. रोप जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्यायचा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या रोपाच्या आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात, म्हणून ठरावीक काळाने त्याची चुंबकीय तपासणी करावी लागते. कायमच्या ग्रिप रोपावर ठरावीक मुदतीने थोड्या थोड्या पुढे सरकवाव्या लागतात, नाहीतर रोप त्याच जागी थकतो. फिरत्या रोपाचा सांधा हा प्रकार तर बघण्यासारखा. लांबी रोपाच्या जाडीच्या १२०० पट, म्हणजे ४० मिलिमीटरच्या रोपाला जवळजवळ पन्नास मीटर लांब सांधा, हाताने विणलेला. तो विणणारे कारीगर थोडे आहेत आणि ते दापोलीत राहत नाहीत. किनाऱ्यालगत मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो मात्र मोठ्या भागांनी नाही. लिमिट स्विच, वायरींची टोकं, स्प्रिंगा, बोल्ट, हेच आधी जातात. बर्फात दोन-तीन हंगाम टिकणारा स्विच इथे एका पावसाळ्यात हिरवा पडतो. देखभालीच्या अंदाजपत्रकात थंड प्रदेशातले आकडे उचलून टाकलेले असतील तर ते तसेच परत करा.

जमिनीबद्दल थोडक्यात. वर जांभा कडक दिसतो, पण तो सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या चिकट मातीच्या थरावर येऊन थांबतं. डोंगराच्या कुशीतले झरे तिथेच फुटतात. टॉवरचा पाया नुसत्या जांभ्यावर बसवून चालत नाही. प्रत्येक टॉवरच्या जागी बोअर घेऊन खालचा पक्का कातळ कुठे लागतो ते बघायचं. "दोन ठिकाणी बोअर घेतले, बाकी तसंच असेल" हे ऐकून घेऊ नका. जमीन हलली की काय होतं त्याचं उदाहरण तुमच्या मंडळाने पाहिलेल्या औलीतच आहे. जोशीमठातून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये शहराची जमीन खचू लागल्यावर बंद करावा लागला. पाळण्याला टॉवर कमी लागतात, तुमच्या लांबीत कदाचित एखादा किंवा एकही नाही, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. वणीच्या सप्तशृंगी गडावर आहे तशी रुळावरची फ्युनिक्युलर ट्रॉली कुणी सुचवेल. ती चांगली चालते, पण तिच्यासाठी सगळा उतार कापावा लागतो आणि जांभ्याच्या डोंगरात मी तो धोका पत्करणार नाही.

सुटकेचा भाग कुणालाच ऐकायला आवडत नाही. झारखंडात देवघरजवळ त्रिकूट पर्वतावर एप्रिल २०२२ मध्ये, रामनवमीच्या दिवशी, रोपवे बंद पडला. केबिन दरीवर इतक्या उंच लटकल्या होत्या की वायुसेनेची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. काम जवळजवळ दोन दिवस चाललं आणि तीन जीव गेले. यातून निवडीसाठी घ्यायचं ते एवढंच की रेषा जमिनीपासून किती उंच आहे आणि खाली माणूस पोहोचू शकतो का, हे नकाशावरच बघायचं. इथे चेअरलिफ्टचा गुण आहे: ती जमिनीलगत असते, खुर्चीतल्या माणसाला दोराने उतरवणं सोपं. पण तीस-चाळीस खुर्च्यांवर माणसं विखुरलेली असतात, प्रत्येकीखाली वेगळं जावं लागतं. पाळण्यात अडकले तर दोनच ठिकाणी अडकतात. शिवाय वीज गेल्यावर जनरेटर, आणि मुख्य मोटर गेल्यावर वेगळी सहायक मोटर, ही दोन्ही कागदावर असून भागत नाही. महिन्यातून एकदा त्यांच्यावर भरलेला पाळणा चालवून दाखवायला लावा.

झाडांचं लिहायचं राहिलं. २०१७ च्या जूनमध्ये गुलमर्गला वाऱ्याने झाड रोपवर पडलं, केबिन खाली आली आणि सात जण गेले. त्यामुळे रेषेच्या दोन्ही बाजूंची झाडं तोडावी लागतात, आणि ती दरवर्षी पुन्हा बघावी लागतात. तुमच्याकडे त्या उतारावर कुणाची तरी हापूसची कलमं असणारच. भरपाईचा विषय आताच काढा. टॉवर उभा राहिल्यावर काढलात तर भावकीतले दावे दापोलीच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालतील.

तुम्ही शेवटी डोलीवाल्यांचं विचारलंत. पाळणा आला की त्यांचा धंदा जाणार, यात शंका नाही. पण पाळण्याला रोज चढवणारी-उतरवणारी माणसं लागतात, सुटकेच्या पथकात डोंगर पायाखाली असलेली माणसं लागतात, आणि वारा-पावसात पाळणा बंद असला की डोली लागतेच. त्या घरांतल्या तरुणांना आधी घ्यायचं, असं करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन कंपनीच्या पहिल्या मॅनेजरबरोबर बदलीवर जातं.

आणि करार हातात आला की तो पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी चार कलमं शोधा: वाऱ्याने बंद राहिलेल्या दिवसांचा तोटा कुणाचा, रोप बदलायचा खर्च कुणाचा, गाववाल्यांना तिकीट किती, आणि कंपनी मध्येच निघून गेली तर डोंगरावरचं लोखंड कोण उतरवणार. शेवटचं कलम बहुतेक करारांत नसतंच. तुमच्यातही नसेल तर ते घातल्याशिवाय ग्रामसभेत ठराव घेऊ नका. नकाशा आणि उताराचा छेद मिळाला तर इथे टाका, रेषेची उंची आणि टॉवरच्या जागा मी बघून सांगतो.